पोकोचं घोडं गंगेत न्हालं

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन बसलेला एक तरी मुलगा 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची सुरुवात वाजवतोच. त्यामुळे ईगल्स या अमेरिकन बँडचं नाव आपल्याकडे इंग्रजी गाण्यांच्या वाटेला न जाणाऱ्यांच्याही कानावरून गेलेलं असतं. पोको हे नाव मात्र कुणी ऐकलेलं नसतं. मी अमेरिकेत राहतो, इथेही साठीच्या अलीकडच्या माणसाला विचारलं तर तो खांदे उडवतो. गंमत अशी की ईगल्सचा पहिला बासवादक रँडी माइजनर आधी पोकोत होता. 1977मध्ये त्याने ईगल्स सोडलं तेव्हा त्याच्या जागी ज्याला घेतलं, तो टिमथी श्मिटही पोकोचाच. एकाच घरातली दोन कर्ती माणसं एकाच शेजाऱ्याने नेली, आणि शेजाऱ्याचा वाडा उठला. 'हॉटेल कॅलिफोर्निया' हा अल्बम अमेरिकेत अडीच कोटी प्रतींच्या पलीकडे गेला. पोकोचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम, 'लेजेंड', गोल्ड झाला, म्हणजे पाच लाखांचा टप्पा ओलांडला.

ईगल्सवर लिहायला पुष्कळ लोक आहेत. मला लिहायचंय ते या पाच लाखांबद्दल, कारण ते ज्या माणसाच्या पदरात पडले तो बँडमध्ये गायला आलेलाच नव्हता.

सुरुवात 1968ची. बफेलो स्प्रिंगफील्ड नावाचा लॉस एंजेलिसचा बँड भांडणांत मोडत चालला होता. स्टीफन स्टिल्स एकीकडे, नील यंग दुसरीकडे. शेवटच्या अल्बमची गाठ मारायचं काम रिची फ्युरे आणि जिम मेसिना यांच्या गळ्यात पडलं. त्यात फ्युरेचं एक गाणं होतं, त्याला पेडल स्टील गिटार हवी होती. त्यासाठी कोलोरॅडोतून एक पोरगा बोलावला, रस्टी यंग. (नील यंगचा कुणी नव्हे, नुसतं आडनाव एक.) बँड मोडला, पण फ्युरे, मेसिना आणि हा पाहुणा यांनी मिळून नवा बँड काढायचं ठरवलं. बासवर माइजनर, ड्रमवर जॉर्ज ग्रँथम. नाव ठेवलं पोगो, त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या एका लोकप्रिय चित्रपट्टीतल्या पात्रावरून. ती पट्टी काढणाऱ्या वॉल्ट केलीने हरकत घेतली, तेव्हा एक अक्षर बदलून पोको केलं. बारसं असं वकिलांच्या साक्षीने झालं.

रॉकच्या ड्रमवर नॅशव्हिलचे, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरचे, सूर आणि तीन-चार जणांचं एकत्र गाणं, हे मिश्रण तेव्हा नवं होतं. ट्रुबडूर क्लबमध्ये पोको वाजवायला लागले तेव्हा लोक गर्दी करायचे. पुढे ज्याला कंट्री रॉक म्हणू लागले, त्याचा पाया घालणाऱ्यांत हे होते. पण पाया घालणाऱ्याला बंगल्यात राहायला मिळतंच असं नाही.

पहिला अल्बम बाहेर पडायच्या आधीच माइजनर गेला. मिक्सिंग चाललेल्या खोलीत फ्युरे आणि मेसिना इतरांना येऊ देईनात, माइजनरला आपलंच गाणं ऐकायचं होतं, आणि नकार मिळाल्यावर तो चालता झाला. मुखपृष्ठाचं चित्र तयार होतं, त्यातून त्याला काढून त्या जागी कुत्रा रंगवला. मी ते मुखपृष्ठ पाहिलंय. चार माणसं आणि एक कुत्रा, चेहऱ्यावर अगदी शहाणा भाव. मग मेसिना 1970मध्ये बाहेर पडला आणि केनी लॉगिन्सबरोबर जोडी जमवून भरपूर नाव कमावलं. त्याच्या जागी पॉल कॉटन आला. फ्युरेने 1972मध्ये एका गाण्यावर सगळी भिस्त ठेवली होती, हे लागणारच अशी खात्री. ते पडलं आणि त्याचं मन उडालं. 1973मध्ये तोही गेला. बँड ज्याने उभा केला तोच उठून गेला. (पुढे तो कोलोरॅडोत पाद्री झाला आणि बरीच वर्षं चर्च चालवलं.)

आपल्याकडे संगीत नाटकमंडळ्यांचं हेच व्हायचं. 1913मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा मागे राहिलेल्यांनी पडदा कसा उघडला असेल, याची कल्पना करा. प्रेक्षक ज्याच्यासाठी तिकीट काढतो तोच नाही. पण बोर्ड तोच, नाव तेच, आणि रोजचे खर्चही तेच.

पोकोत मागे उरलेल्यांत रस्टी यंग होता. त्याचं काम काय, तर बसून वाजवणं. पेडल स्टील ही उभं राहून मिरवायची चीजच नाही. एक लांबट टेबल समजा, त्यावर आडव्या ताणलेल्या दहा तारा. बऱ्याचदा अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी, प्रत्येकीची जुळणी वेगळी. डाव्या हातात पोलादी दांडी, ती तारांवर नुसती सरकवायची, दाबायची नाही. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. खाली डाव्या पायाशी पेडलांची रांग. एक दाबलं की ठरलेल्या तारा अर्ध्या किंवा एका सुराने वर चढतात. गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना लिव्हर, गुडघा डावी-उजवीकडे ढकलला की आणखी तारा हलतात. उजवा पाय आवाज कमीजास्त करायच्या पेडलवर. म्हणजे दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे कामात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस इस्त्री करतोय.

या वाद्याचं मूळ हवाईत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवायला सुरुवात केली असं मानतात. 1915च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला त्या आवाजाचं वेड लागलं आणि तिथून तो कंट्री संगीतात शिरला. दुसरी फांदी आपल्याकडे आली. ताउ मो नावाचा हवाईचा वादक 1940च्या दशकात कलकत्त्यात राहिला, त्याने शिकवलंही. त्यातून पुढे व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. ब्रिजभूषण काबरा तर गिटारीवर सरळ रागच वाजवू लागले. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांच्याबरोबरच्या 1967च्या त्या प्रसिद्ध तबकडीत ते ऐकू येतात.

माझे सांगलीचे काका हवायन गिटार वाजवायचे. गणपतीत मांडवात खुर्चीवर बसून, मांडीवर गिटार, समोर घोडाछाप मायक्रोफोनचा स्टँड वाकवून घेतलेला. त्यांची ती निकेलची दांडी साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत फडक्यात गुंडाळलेली असायची आणि आम्हा पोरांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. "घामाचे डाग पडतात रे, मग सूर खरखरतो," म्हणायचे. खरं होतं की आम्हाला लांब ठेवायची युक्ती होती, कोण जाणे. पण त्यामुळे इथे आल्यावर रेडिओवर कंट्री गाण्यात तो घसरता, मींड घेत जाणारा आवाज पहिल्यांदा कानी पडला तेव्हा मला तो काऊबॉयचा वाटला नाही. मला तो 'सुहानी रात ढल चुकी'चा वाटला. नंतर कळलं, दोघं चुलतभाऊ आहेत.

रस्टी यंग मांडीवरची स्टील गिटार वयाच्या सहाव्या वर्षापासून वाजवत होता, आणि पोकोत त्याने पेडल स्टीलचं जे काही केलं ते नॅशव्हिलच्या जुन्या खोडांना पटण्यासारखं नव्हतं. तो ते लेस्ली स्पीकरमधून वाजवायचा. लेस्ली म्हणजे आत भोंगा फिरणारा स्पीकर, हॅमंड ऑर्गनसाठी केलेला. त्यातून स्टील बाहेर आली की थेट ऑर्गन वाजल्यासारखी वाटते. सुरुवातीच्या अल्बमांत अनेकांना वाटतं की ऑर्गनवाला कुणी ठेवलाय. तो ऑर्गनवाला नव्हता, हाच होता. गायचं काम फ्युरेचं, लिहायचं कामही बहुतेक त्याचंच. रस्टीने आपण होऊन त्यात नाक खुपसलं नाही. फ्युरे गेल्यावर मात्र गाणी लिहायला माणूसच कमी पडला, तेव्हा त्याने लिहायला घेतलं, आणि मग गायलाही. 1976चं 'रोझ ऑफ सिमरॉन' त्याचं. ओक्लाहोमात हाती पडलेल्या एका माहितीपत्रकात जुन्या काळच्या एका बंडखोर बाईची गोष्ट होती, त्यावरून सुचलेलं. माझ्या मते पोकोचं सगळ्यात चांगलं गाणं तेच. पण ते खपलं नाही.

1977मध्ये श्मिट ईगल्सकडे गेला. पुढे ग्रँथमही गेला. उरले रस्टी आणि कॉटन. आता पोको संपला, असं त्या दोघांनीच धरलं होतं. दोघांच्या नावाने, कॉटन-यंग म्हणून नवा डाव मांडायचा, असा बेत. ड्रमला स्टीव्ह चॅपमन आणि बासला चार्ली हॅरिसन असे दोन इंग्रज घेतले. रेकॉर्डिंग झालं. ते ऐकून एबीसी रेकॉर्ड्सने सांगितलं, पोको नावानेच काढू. दहा वर्षं लावलेल्या पाटीला बाजारात काही तरी किंमत असते, हे कंपनीला कळत होतं. तर 'लेजेंड' हा असा पोकोचा अल्बम, जो करताना करणारे पोको नव्हतेच.

आता 'क्रेझी लव्ह'. गोष्ट रस्टीने स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. लॉस एंजेलिसच्या घरात तो भिंतीला लाकडी पॅनेल बसवत होता. काम करता करता चाल सुचली, हत्यारं खाली ठेवली, गिटार घेतली, आणि अर्ध्या तासाच्या आत गाणं झालं. ध्रुवपदात शब्द सुचेनात, तिथे तात्पुरतं ऊ-ऊ-आ असं काहीतरी गुणगुणून ठेवलं. बँडला ऐकवताना म्हणाला, इथे नंतर शब्द घालतो. बाकीचे म्हणाले, हात लावू नकोस, आहे तसंच राहू दे.

राहिलं. आणि लोकांच्या तोंडी बसलं तेही तेच, शब्द नसलेलं ध्रुवपद. 1979च्या पहिल्या महिन्यांत, सगळीकडे डिस्कोचा धुमाकूळ चालू असताना, हे अंगाई इतकं मऊ गाणं बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत 17व्या क्रमांकापर्यंत गेलं. अडल्ट कंटेम्पररी नावाची जी प्रौढांची यादी असते, तिच्यात सात आठवडे पहिलं. त्या यादीत वर्षाचं सर्वांत मोठं गाणंही तेच ठरलं. पाठोपाठ कॉटनचं 'हार्ट ऑफ द नाइट' 20व्या क्रमांकापर्यंत. अल्बम 14वा. त्याआधी पोकोचा कुठलाही अल्बम पहिल्या पंचविसात आला नव्हता. अकराव्या स्टुडिओ अल्बमला एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

आणि घोडं म्हणजे खरंच घोडं. मुखपृष्ठावर मोजक्या रेषांत काढलेला घोडा आहे, बास. ना बँडचा फोटो, ना कॅक्टस, ना काऊबॉय हॅट, जे सगळं त्या काळी अशा अल्बमांवर असणं सक्तीचं असावं असं वाटतं. कुंचला न उचलता काढल्यासारखी ती रेषा. मी ही तबकडी इथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या खोक्यातून घेतली, मुख्यतः त्या घोड्यासाठी. कव्हरला वर्तुळाकार घासल्याची खूण होती, आतल्या तबकडीचीच, वर्षानुवर्षं दाटीवाटीत उभी राहून उमटलेली. चित्रकाराचं नाव फिल हार्टमन. त्याचा भाऊ संगीताच्या धंद्यात मॅनेजर होता, त्यातून याला मुखपृष्ठांची कामं मिळायची. हाच हार्टमन पुढे 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये नट म्हणून गाजला, 'सिम्पसन्स'मध्ये आवाज दिले, आणि 1998मध्ये त्याचा खून झाला. पण 1978मध्ये तो अजून रेषा काढून पोट भरत होता. तो घोडा पुढे पोकोची खूणच होऊन बसला, आणि पुढची अनेक वर्षं बँडने तो मिरवला.

खोक्यातली तबकडी निवडताना एक बघायचं असतं. काही प्रतींवर एबीसीची चकती असते, काहींवर एमसीएची. गाणी वर चढत असतानाच एबीसी विकली गेली, एमसीएने घेतली, आणि उरलेला खप त्यांच्या खात्यात गेला. ज्या कंपनीने पोको हे नाव वाचवलं, तिला त्याचा पूर्ण मोबदला मिळेपर्यंत ती स्वतःच उरली नाही. संग्राहक लोक एबीसीच्या प्रतीला जरा जास्त भाव देतात. माझी एमसीएची आहे, आणि मला काही फरक ऐकू येत नाही.

अल्बम कसा आहे, हे आता सांगून टाकतो. सगळा चांगला नाही. 'बूमरँग'ने सुरुवात होते, जोर लावलेलं रॉक, पोकोला न शोभणारं. शीर्षकगीतही तसंच ताणून केलेलं वाटतं. मधली एकदोन गाणी गाडीत लावून विसरून जावीत अशी. पण दोन हिट गाण्यांखेरीज 'स्पेलबाउंड' ऐका, रस्टीचंच. पहिली बाजू उलटायची घाई असलेल्यांच्या हातून ते निसटतं. आणि 'हार्ट ऑफ द नाइट' तर नक्कीच ऐका. न्यू ऑर्लिन्सच्या बाजूचं, दमट हवेचं गाणं आहे. फिल केन्झीचा सॅक्सोफोन त्यात येतो तो उगाच खिडकीतून डोकावल्यासारखा नाही, चांगला मांडी ठोकून बसतो. आणि त्याच्या बाजूने स्टील वाहत राहते.

'क्रेझी लव्ह'मध्ये मात्र रस्टीच्या स्टीलला असं मैदान नाही. हे मला कायम खटकत आलंय. ज्या वाद्यात त्याच्या तोडीचे लोक हातावर मोजण्याइतके, ज्याच्यासाठी त्याला कोलोरॅडोतून बोलावून घेतलं, ते त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गाण्यात नायक नाही. लोकांना तो लक्षात राहिला तो साधी गिटार घेऊन उभा राहिलेला, मऊ आवाजाचा, ऊ-ऊ करणारा माणूस म्हणून. पोकोचे जुने भक्त यावर नाकं मुरडतात: हा खरा पोको नव्हेच, फ्युरेबरोबर पोको संपला. त्यांचं म्हणणं संगीताच्या बाजूने बरोबरच आहे. सुरुवातीच्या पोकोत जी मस्ती होती, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे सूर होते, ते 'लेजेंड'मध्ये शोधू नयेत. हे संध्याकाळी सातनंतरचं संगीत आहे. इथल्या सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फ्रीजसमोर उभा असताना छतातल्या स्पीकरमधून मला ते अजून भेटतं, आणि आजूबाजूच्या कुणालाच ते कुणाचं आहे हे माहीत नसतं, तरी एखादी बाई ट्रॉली ढकलता ढकलता ध्रुवपद गुणगुणते. ते गुणगुणायला शब्द लागत नाहीत ना.

पण मग मी त्या भक्तांना विचारतो (मनातल्या मनात, कारण असे भक्त मला फारसे भेटत नाहीत), की खरा पोको कोण? जे होते ते सगळे आपापल्या सोयीने गेले. त्यात वाईट काही नाही, माणूस पोटापाण्याचं बघतोच. एकटा रस्टी यंग पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत राहिला. अडचण आली तसा गायला शिकला, लिहायला शिकला, ज्या जागा रिकाम्या झाल्या त्यांत स्वतः जाऊन बसला. मग त्याने स्वतःच्या वाद्याला बाजूला सारून गाणं केलं, तर तो त्याचा हक्क होता. 'क्रेझी लव्ह' घराचे हप्ते अजून भरतंय, असं तो बऱ्याच वर्षांनी मोकळेपणाने सांगायचा. त्या उत्तरात मला लाज दिसत नाही आणि बढाईही दिसत नाही. भिंतीला पॅनेल लावणारा माणूस बोलतो तसा तो बोलतो.

यश टिकलं नाही. 1980चा 'अंडर द गन' त्या मानाने पडला, पुढचे त्याहून. 2013मध्ये रस्टीचं नाव स्टील गिटारवाल्यांच्या सन्मानयादीत गेलं, ते मला 17व्या क्रमांकाहून मोठं वाटतं. ग्रँथमला 2004मध्ये मंचावर वाजवत असतानाच पक्षाघाताचा झटका आला. रस्टी एप्रिल 2021मध्ये मिसुरीत वारला, आणि त्याच उन्हाळ्यात पॉल कॉटनही. 'लेजेंड' ज्या दोघांनी केला ते दोघे काही महिन्यांच्या अंतराने गेले. माइजनर 2023मध्ये.

त्याआधी, 1989मध्ये, सुरुवातीचे पाचही जण पुन्हा एकत्र आले होते: फ्युरे, मेसिना, माइजनर, ग्रँथम आणि रस्टी. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या जागी कुत्रा रंगवला होता, तोही. अल्बमचं नाव 'लेगसी'. तोही गोल्ड झाला, पण यादीत 'लेजेंड'च्या जवळपासही पोचला नाही. ज्यांची नावं ऐकून लोक वळून बघतील असे तीन-तीन गायक त्या खोलीत होते. त्यातलं 'कॉल इट लव्ह' हे गाणं पहिल्या विसात गेलं, आणि ते गायलं होतं रस्टी यंगने.